परशराम आप्पांची एकच कढई

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात डुकराच्या सॉसेजची माळ, असा माणूस तुम्ही कुठं पाहिलाय? मी पाहतो. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, माझ्या दारासमोरच्या दारात. परशराम आप्पा त्यांचं नाव, वय एकाहत्तर. उभ्या जन्मात त्यांनी मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. पण आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ते असं सॉसेज रांधतात की जिना चढणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर थबकतो आणि आपल्या घरी आज काय असेल या विचारानं खिन्न होतो.

"आप्पा, माळकरी माणूस तुम्ही. हे कसं चालतं?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी उलथनं कढईच्या काठावर आपटून साफ केलं.

"माळ गळ्यात हाय वकील, हातात न्हाय. माझ्या तोंडात काय जातंय ते माळंनं बघावं. दुसऱ्याच्या तोंडात काय जातंय ते बघाय माळ कशाला घालायची?"

तीस वर्षं मी दिवाणी कोर्टात काढली आहेत, पण यावर मला उलटतपासणी सुचली नाही.

आता अडचण अशी, की जो रांधतो तो चाखत नाही. गोव्याच्या सॉसेजमध्ये मीठ, मिरची आणि व्हिनेगर आधीच ठासून भरलेलं असतं आणि दर माळेची तऱ्हा वेगळी. एखादी खारट निघते, एखादी आंबट. वासावरून आप्पांना सगळं कळतं, मीठ तेवढं कळत नाही. त्याला जीभ लागते, आणि ती जीभ माझी. साडेसातच्या सुमाराला समोरचं दार उघडतं आणि हाक येते, "वकील, मीठ बघा की वो." मी हातातली फाईल टाकून जातो. आप्पा चमच्यात बटाट्याची एक फोड आणि सॉसेजचा एक तुकडा घेऊन उभेच असतात. तुकडा माझ्या तोंडात गेला की निकालाची वाट बघणाऱ्या पक्षकारासारखे माझ्या चेहऱ्याकडे बघतात. मी मान डोलावली की "साकु" म्हणतात आणि गॅस बंद करतात. साकु म्हणजे कन्नडात पुरे. मला ते कधीच पुरे वाटत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

माझी बायको सुलभा चातुर्मासात कांदासुद्धा खात नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी तिला सांगायचो की आप्पांकडं भाजीचं मीठ बघायला जातो. "भाजीचं मीठ बघून आलेला माणूस मिशा पुसत येत नाही," ती म्हणाली. आता ती काही बोलत नाही. दारापाशी बडीशेपेची डबी ठेवते.

आप्पांचं दुसरं खूळ म्हणजे भांडं एकच. गावाकडून आणलेली बिडाची कढई, दोन्ही हातांनी उचलावी लागते अशी. "एक जाळ, एक भांडं, एक उलथनं. जगात याच्या वर जे काय हाय ते समदं मिरवायला हाय," असं त्यांचं म्हणणं. आधी चमचाभर तेलावर बटाट्याच्या फोडी, वर झाकण. मग गाजर आणि बीन्स. मग ढबू मिरची आणि कांदा. एवढं झालं की त्यातला आपला वाटा ते ताटात काढून घेतात आणि मीठ-तिखट भुरभुरवून ताट लांब खिडकीत ठेवतात. आणि मग उरलेली भाजी कडेला सारून मधे सॉसेज. त्याची चरबी सुटली की सगळं एकत्र हलवायचं, पाण्याचा हबका, पुन्हा झाकण. शेजारी पाव. पाव कागदात येतो आणि कागदातच संपतो, म्हणून आप्पांना पाव फार आवडतो.

पंचवीस मिनिटांचं काम. ती पंचवीस मिनिटं मोजली जातात ती मेघाच्या स्कूटरवर. मेघा म्हणजे त्यांची सून. एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी आठला जाते, सातला सुटते. सुटली की फोन करते, "निघाले, आप्पा." की इकडं बटाटे पडले. रेल्वे गेट बंद असलं की तिथून दुसरा फोन. की आप्पांनी जाळ बारीक केला. एकदा मालगाडी गेटवरच थांबून राहिली तेव्हा आप्पांनी रेल्वेला जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

मेघाचा नवरा, म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. आप्पा कणकुंबीच्या अलीकडचे, जंगलाकडेला भातशेती. बायको आधीच वारलेली. पोरीला सोबत म्हणून पंधरा दिवसांसाठी आले ते अजून आहेत. पहिले तीन महिने त्या घरातून कसलाच वास आला नाही. मेघा चहा-बिस्किटावर जगत होती आणि आप्पा सुलभानं दिलेल्या भाकरीवर. एक दिवस त्यांनी तिला विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय गं?" तिनं काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, मडगावला कोर्सला होते तेव्हा हॉस्टेलवर गोव्याचं सॉसेज करायचो, बटाटा घालून. बोलली आणि विसरलीही.

दुसऱ्या दिवशी आप्पा बसनं कॅम्पातल्या बाजारात गेले आणि माळ घेऊन आले. आणि मग त्यांनी जी चूक केली ती कणकुंबीचा माळकरीच करू जाणे. ते लाल, चिकट, वास मारणारं प्रकरण बघून त्यांना वाटलं की माल घाण आहे. त्यांनी एकेक मणी सोलला आणि पाच पाण्यांनी धुतला, तांदूळ धुतात तसा, पाणी नितळ येईपर्यंत. सगळा मसाला मोरीत गेला. उरलेले पांढरे तुकडे त्यांनी बटाट्यात घातले. मेघानं ते पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि ताटावरच रडली. आप्पांना वाटलं, फार चांगलं झालंय.

माळ विकणाऱ्या बाईनं नंतर त्यांना कोकणीतून चांगलं झाडलं आणि रीतसर शिकवलं. तेव्हापासून हे चालू आहे. बुधवार आणि शुक्रवार ठरलेले, मंगळवारी मेघाचा चेहरा बघून. बाकीच्या वारी सॉसेजशिवाय, पण कढई तीच.

एकाच भांड्याचा हट्ट मला पुष्कळ दिवस आळसाचा वाटायचा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पा रागावले नाहीत.

"दोन भांडी पडली की ती वढणी खोचून नळाखाली उभी ऱ्हाती वकील. दहा तास उभी ऱ्हाऊन आलेली पोरगी. एकच असलं तर तिचं हातपाय धुऊन हुस्तवर मी उरकतो."

माझ्या घरी त्या वेळी किती भांडी पडली होती ते मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी आप्पांनी एका संध्याकाळी मीठ बघून झाल्यावर मला बसवून घेतलं. म्हणाले, "बायोडाटा लिवून द्या."

"कुणाचा?"

"मेघाचा. चौतीस वय हाय. अजून चाळीस वर्सं काढायची हाईत तिला. मी काय चाळीस वर्सं बटाटं चिरत बसनार हाय व्हय?"

हे त्यांनी मेघाशी आधीच बोलून पाहिलं होतं. तिनं एका वाक्यात निकाल दिला होता: मी गेले तर तुमचं कसं होईल? विषय बंद. गावच्या भावबंदांचंही तेच मत. घरात सून आहे तोवर म्हाताऱ्याच्या भाकरीची सोय आहे, तिला कशाला घालवायची. हे बोलणाऱ्यांपैकी कुणीही त्या घरात भाकरी कोण करतं ते बघायला आलेलं नव्हतं.

"ती माझ्यापायी न्हाय म्हनती," आप्पा म्हणाले. "म्हंजे अडचण मी हाय. मग ती काडायची बी मीच."

मी बायोडाटा लिहिला. दावा लिहितो तसा लिहिला, त्याला इलाज नाही. सगळ्यात शेवटी आप्पांनी एक कलम घालायला लावलं: मुलगा बघण्याचा कार्यक्रम बुधवारी संध्याकाळी साडेसहाला होईल, स्वयंपाक मुलानं करायचा आहे.

"आप्पा, असं लिहिलं तर कोणी फिरकणार नाही."

"पोरगी बघाय येत्यात तवा पोरीनं केलेलं पव्हं खाऊन जात्यात का न्हाय? मग पोरगा बघायचा तर पोरानं करावं. आन् बुधवारीच. रविवारी समदीच चांगली असत्यात."

मेघानं कागद वाचला आणि हसू दाबून म्हणाली, येऊ देत ज्यांना यायचंय ते, मी हो म्हणणार नाही. तिला वाटलं कुणी येणारच नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

तिघे आले.

पहिला निपाणीचा, मोटारीतून, आई आणि मामासकट. शेवटचं कलम त्यांनी गंमत समजून सोडून दिलं होतं. सोफ्यावर बसून पोह्यांची वाट बघत राहिले. आप्पांनी मुलापुढं पाट, सुरी आणि दोन कांदे आणून ठेवले.

मामा म्हणाले, "आमचा मुलगा इंजिनिअर आहे."

"मग बरंच झालं. कांदा सरळ चिरील."

मामा उठले. मामा उठले म्हणून मुलगा उठला. आई तेवढी दारातून मागं वळली आणि हळूच विचारून गेली, ओट्यावर ती लाल माळ कसली हो, वास एवढा चांगला येतोय तो? मला वाटतं, तिला थांबायचं होतं.

दुसरा बेळगावचाच, चांगल्या नोकरीतला. तो तयारीनं आला होता, मोबाईलवर बघून. लसूण वेगळा परतला, बटाटे वेगळे उकडले, सॉसेज वेगळं शिजवलं आणि वरून कोथिंबीर पेरली. चव, देवाशपथ सांगतो, आप्पांपेक्षा काकणभर सरस होती. मी ते सांगून टाकलं.

"व्हय. चांगलंच केलंय त्यानं," आप्पा म्हणाले. "पन तो कुठं हाय बघा."

तो सोफ्यावर मोबाईल घेऊन बसला होता. मोरीत सात भांडी होती, आणि त्या दिवशी लवकर सुटून आलेली मेघा ओढणी खोचून नळापाशी उभी होती.

तिसरा निपाणीचाच. दयानंद त्याचं नाव, वय चाळीस, बसगाड्यांचा मेकॅनिक, विधुर. घरी आई. साडेसहाला यायचा तो आठ वाजून गेले तरी नाही. मेघा कामावरून आली, तरी नाही. आप्पांनी नियमाप्रमाणं कढई थंड ठेवली होती. मला भूक लागली होती आणि मी चिडलो होतो.

सव्वाआठला आला. हात कोपरापर्यंत काळे. ज्या बसनं येत होता ती संकेश्वराजवळ बंद पडली, हा खाली उतरून ती चालू करत बसला. "सगळेच खोळंबले होते," एवढंच म्हणाला. साबण मागितला, बराच वेळ हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मला रांधायला येत नाही, आप्पा. आई करते. तुम्ही सांगा, तसं करतो. पण आधी यांना काहीतरी खायला देऊ या का? कामावरून आल्यात."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मेघानंही बघितलं. तिला पावाचा अर्धा तुकडा देण्यात आला आणि तिनं तो उभ्या उभ्या खाल्ला.

मग त्यानं बटाटे चिरले. एक फोड आवळ्याएवढी, एक शेंगदाण्याएवढी. गाजर, बीन्स, ढबू, सगळं आप्पा सांगतील तसं टाकत गेला. आप्पा आतून गडबडले होते, त्यांनी आपला वाटा बाजूला काढायचं सांगितलंच नाही. सॉसेजची माळ हातात घेऊन दयानंद थांबला.

"आप्पा, तुमच्या गळ्यात माळ दिसतीय. तुमचं आधी काढून ठेवू का?"

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आधी रांधून गेलेल्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही इतक्या वर्षांत त्या ताटाकडं फारसं लक्ष दिलं नव्हतं. आप्पांनी नुसती मान हलवली आणि ताट पुढं केलं. त्या दिवशी ते मला मीठ बघायला हाक मारायचे विसरले.

जेवण वाईट झालं होतं. मोठ्या फोडी कच्च्या, लहान करपलेल्या, आणि माळ नेमकी खारट निघालेली. दयानंदनं पहिला घास घेतला आणि मेघाला म्हणाला, "तुम्ही खाऊ नका हे." मेघा हसली. नुसतं ओठांनी नाही, आवाज करून हसली. नवरा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मी एकदम पाण्याचा पेला उचलला. तिनं सगळं खाल्लं. मग त्यानं कढई उचलून मोरीकडं नेली, तेव्हा आप्पा म्हणाले, "ठेव बाबा, तुझी शेवटची गाडी चुकंल." त्यांनी जवळजवळ ढकलूनच त्याला बाहेर काढला.

तो गेल्यावर आप्पा कढई घासायला लागले. आज प्रश्न कोणता आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मेघाच बोलली. "माणूस चांगला आहे, आप्पा. पण मी जाणार नाही. मी गेले तर तुमचं कसं होईल?"

मी उठायला लागलो. घरचं बोलणं, आपण मधे कशाला. आप्पांनी ओल्या हातानंच मला बसा म्हणून खूण केली आणि नळ बंद केला.

"मला थोरली भन होती," ते म्हणाले. "आक्का. एकोणिसाव्या वर्सी कपाळ पांढरं झालं आन् माघारी आली. आईबा म्हनले ऱ्हाऊ दे, चुलीला हात हुईल. ऱ्हायली. आईबा गेलं, माझं लगीन झालं, पोरगा झाला, तो बी तिच्याच मांडीवर वाडला. चाळीस वर्सं ती चुलीम्होरं हुती. लोक म्हनायचं, परशरामाचं घर आक्कावर चाललंय. मला लई बरं वाटायचं ऐकून."

मेघा भिंतीला टेकून उभी होती.

"खानापूरकडनं एक ठिकाण आलतं तिला. मान्सं बरी हुती. तिच्या मनात हुतं, मला कळत हुतं. मला म्हनली, मी गेले तर तुमचं कसं हुईल रं? मी बोलाय पायजे हुतं. जा, आमचं बघू आमी, एवडंच म्हनायचं हुतं. मी जेवत हुतो. गप जेवत ऱ्हायलो."

मेघानं डोळे पुसले.

"आज तू तेच इचारतीस. म्हंजे मी आज बी गप बसू म्हन."

मेघानं टेबलावरचा फोन घेतला, बायोडाट्याचा कागद उलटून मागं लिहून ठेवलेला दयानंदचा नंबर बघितला आणि गॅलरीत गेली. दार लोटून घेतलं होतं, तरी पहिले शब्द आम्हाला ऐकू आले. "हां, मी मेघा. गाडी मिळाली का?" पुढचं काही कळलं नाही, पण बोलणं लवकर संपलं नाही.

आप्पांनी ते ऐकलं आणि पुन्हा कढई घासायला घेतली. त्यांचे खांदे हलत होते, ते घासण्यानं की कशानं ते मी बघायचं टाळलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. वकिलाला गप्प बसणं जमत नाही. सुचलं ते विचारलं.

"आक्कांना काय आवडायचं हो खायला?"

आप्पांचा हात थांबला. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, मला ते दिसलं. बराच वेळ आठवून पाहिलं.

"ठावं न्हाय, वकील," ते म्हणाले. "चाळीस वर्सं तिच्या हातचं जेवलो. ती समद्यांचं झाल्यावर बसायची. तिच्या ताटात काय असायचं, ते मी कदी बघितलंच न्हाय."